एक अष्टमांश फेरा

नट सुटल्याचा आनंद मला क्षणभरच झाला, कारण तो ज्यात बसतो तो मागचा षटकोनी तुकडाही त्याच्याबरोबर फिरला आहे हे लगेच लक्षात आले. फार नव्हे, एक अष्टमांश फेरा. घड्याळाचा काटा बारावरून मागे साडेदहापर्यंत यावा, इतकाच. एखाद्या साध्या नळाच्या बाबतीत एवढ्या फेऱ्याची मी दखलही घेतली नसती. पण पिकअपच्या रेडिएटरला गियरबॉक्सच्या तेलाचे पाइप ज्या ठिकाणी जोडलेले असतात, त्या ठिकाणी मागचा षटकोन जागचा हलणे म्हणजे काय, याची मला पूर्ण कल्पना होती. कल्पना होती म्हणूनच मी दोन पाने घेऊन कामाला बसलो होतो. एक पाना नट फिरवण्यासाठी आणि दुसरा, नट फिरत असताना मागचा षटकोन जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी. त्या क्षणी पहिला पाना माझ्या हातात होता आणि दुसरा बंपरवर पसरलेल्या फडक्यावर पडला होता. हात लांब केला असता तर मिळाला असता. मी हात लांब केला नाही.

घडले ते एवढेच, आणि पुढचे सात महिने ते माझ्या डोक्यातून गेले नाही.

रेडिएटर उतरवण्याचे कारण मामुली होते. चढावर वजन घेऊन जाताना तापमानाचा काटा मध्यरेषा ओलांडू लागला होता आणि सपाटी आली की शहाण्यासारखा खाली बसत होता. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, पुरेसे होते, पंखा फिरत होता, पट्टा ठीक होता. शेवटी टॉर्च घेऊन पुढच्या जाळीतून आत पाहिले तेव्हा उलगडा झाला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत वर्षानुवर्षांचा ऐवज साठला होता. धूळ, गवताचे तुरे, कीटकांचे पंख, कसल्याशा बियांचा पांढरा कापूस, आणि या सगळ्याला एकत्र धरणारा तेलकट ओलावा. त्याचा चक्क नमदा झाला होता. समोरून पाण्याचा फवारा मारला असता तर तो आणखी आत रुतला असता. रेडिएटर बाहेर काढायचा आणि वारा ज्या दिशेने आत येतो त्याच्या उलट दिशेने, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूने, हलक्या धारेने धुवायचा, हाच मार्ग होता. त्यामुळे एका सुट्टीच्या सकाळी, रात्रभर गार झालेल्या गाडीचे बोनेट उघडले. तळाची तोटी सोडून कूलंट स्वच्छ टबमध्ये काढून घेतले. ते गोड चवीचे विष असते आणि कुत्र्यामांजरांना त्याचा मोह होतो, म्हणून टबावर लगेच झाकण ठेवले. मग वरचा होज, खालचा होज, पंख्याभोवतीचा प्लास्टिकचा घेर, अशा एकेक वस्तू बाजूला होत गेल्या. ही कामे करताना फारसा विचार करावा लागत नाही. विचार करावा लागतो तो त्या दोन पोलादी पाइपांपाशी.

ज्यांच्या गाडीत क्लच पायाने दाबावा लागतो त्यांना हे पाइप माहीत असण्याचे कारण नाही. स्वयंचलित गियरबॉक्स असलेल्या गाडीत इंजिन आणि गियर यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक बंद डबा असतो. त्यातले पात्यांचे एक चक्र तेल भिरकावते आणि समोरचे चक्र त्या तेलाच्या माऱ्याने फिरू लागते. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. मोटारीत ती मोठ्या प्रमाणावर आली ती १९४० सालच्या ओल्डस्मोबिलमधून. कल्पना देखणी आहे, पण घुसळलेले तेल तापते, आणि चढावर, ओझ्याखाली तर फारच तापते. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात ते सुखात असते. त्याच्या बरेच वर गेले की काळवंडते, त्याला करपल्याचा वास येऊ लागतो आणि त्याच्यातला जीव जातो. म्हणून ते एका पाइपाने पुढे रेडिएटरकडे पाठवायचे आणि गार करून दुसऱ्या पाइपाने परत आणायचे. रेडिएटरमधून गार होऊन आलेले कूलंट ज्या टाकीत उतरते, तिच्या पोटात एक छोटा कूलर बुडवलेला असतो. तेल त्याच्या आतून वाहते, कूलंट बाहेरून. थंडीच्या सकाळी हा व्यवहार उलटा होतो. कूलंट आधी गरम होते आणि तेच तेलाला ऊब देते. असे एका घरात राहून एकमेकांच्या उबेवर जगणारे हे दोघे, पण दोघांमधून विस्तव जात नाही. मध्ये पातळ धातूची एक भिंत आहे तोवरच त्यांचे सख्य.

ती भिंत तडकली तर काय होते, ते मी एकदा दुसऱ्याच्या गाडीत पाहिले आहे. गियरबॉक्सचे तेल मोजायची पट्टी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर लाल तेलाऐवजी गुलाबी, दुधाळ, फेसकट लेप होता, अंगाला खाज सुटली की लावतात त्या गुलाबी औषधासारखा. दिसायला तो इतका निरागस होता की गाडीचा मालक हसला. गियरबॉक्सच्या आत कागदासारखे तंतुमय अस्तर चिकटवलेल्या चकत्या असतात आणि त्यांच्या पकडीवर सगळे गियर चालतात. कूलंट त्या अस्तरात मुरले की त्याचा चिकटा सुटतो आणि अस्तर पापुद्र्यांसारखे निघू लागते. तिथवर मजल गेली की नुसते तेल बदलून भागत नाही, अख्खा गियरबॉक्स उतरवून खोलावा लागतो. हे ऐकताना त्या माणसाचे हसू कसे मावळत गेले ते मी पाहिले होते, आणि तेच आठवून त्या सकाळी मी दोन पाने काढून ठेवले होते.

जोडणी समजायला अवघड नाही. आतल्या कूलरचे एक तोंड टाकीच्या प्लास्टिकच्या भिंतीतून बाहेर येते. त्यात एक षटकोनी पितळी तुकडा आट्यांनी बसवलेला असतो, आणि त्या तुकड्यात पाइपाचा नट. पाइपाचे टोक आतल्या बाजूला फुलासारखे उमलवलेले असते. नट आवळला की ते पितळी उतारावर दाबून बसते आणि तेल अडते. आता हा नट सोडवण्यासाठी लावलेले बळ नटापुरतेच राहील, अशी हमी कोण देणार? नट गंजाने पितळी तुकड्याला धरून बसला असेल तर तो तुकडा फिरतो. तुकडा कूलरच्या तोंडाला धरून बसला असेल तर ते तोंड फिरते. आणि तोंड फिरले की टाकीच्या आत, जिथे डोळा पोहोचत नाही अशा ठिकाणी, कूलरचा सांधा पिळवटला जातो. म्हणून दुसऱ्या पान्याने षटकोन धरायचा आणि त्या बळाला सांगायचे की बाबा रे, तुझी हद्द इथे संपली.

वरचा पाइप मी अगदी शास्त्रोक्त सोडवला. आदल्या रात्री दोन्ही नटांवर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवले होते, सकाळी पुन्हा थेंबभर टाकले. अशा नटाला साधा फिक्स पाना लावला तर तो दोनच पैलू धरतो आणि मऊ नटाचे कोपरे गोल करून टाकतो. त्यासाठी रिंग पान्यासारखाच, पण कड्यात पाइप शिरेल एवढी खाच असलेला पाना मिळतो. तो नटाला जवळजवळ सगळीकडून कवेत घेतो. तो लावला, दुसऱ्याने षटकोन धरला, दोन्ही पान्यांच्या दांड्या एका मुठीत मावतील इतक्या जवळ आणल्या आणि मूठ आवळली. कट्ट असा कोरडा आवाज झाला, नट सुटला, मागचे तसूभर हलले नाही. नट पाइपावरच गंजून बसलेला असला तर तो पाइपालाही घेऊन फिरतो आणि पोलादी पाइपाला पिळलेल्या कपड्यासारखा पीळ पडतो. मग थोडे पुढे, थोडे मागे करत, मध्ये मध्ये तेल पाजत त्याची मनधरणी करावी लागते. माझ्या वाट्याला तेही आले नाही. पहिले काम इतके सुरेख झाले की दुसऱ्याच्या वेळी मी गाफील राहिलो.

खालचा पाइप अडचणीत होता. एका बाजूला चासी, दुसऱ्या बाजूला खालच्या होजची मान, आणि त्यांच्या बेचक्यात तो नट. वरून दोन पाने एकदम बसत नव्हते. दुसरा लावायचा तर गाडीखाली झोपून खालून हात घालावा लागला असता, म्हणजे गाडी उचला, स्टँड लावा, पाठ थंडगार जमिनीला टेकवा, चष्म्यावर थेंब झेला. मनात आले, वरचा इतका सहज सुटला, हाही सुटेल. एकाच पान्याने हलकेच बळ लावून पाहू. लावले. काही झाले नाही. आणखी लावले. पान्याच्या दांडीतून हाताला एक मऊ, रवाळ जाणीव झाली, ओल्या वाळूत काठी फिरवल्यासारखी, आणि पाना हलला. पण कट्ट असा आवाज काही आला नाही. तो आला नाही हे कानांना आधी कळले, डोळ्यांना नंतर. षटकोनावरून टाकीच्या भिंतीपर्यंत धुळीचा एक तेलकट थर सलग गेलेला होता. त्यात आता एक तुटलेली रेघ दिसत होती, आणि त्या रेघेशी नखभर पितळ नव्याने चमकत होते.

त्यानंतर मी जे केले ते मला त्या फेऱ्याहूनही जास्त बोचते. मी दुसरा पाना उचलला, गाडीखाली झोपलो, ज्या कष्टांचा कंटाळा केला होता ते सगळे कष्ट निमूटपणे केले, षटकोन धरला आणि नट सोडवला. इथपर्यंत ठीक होते. मग पाइप बाजूला सारून मी तो षटकोन तितकाच उलटा फिरवला, धुळीची तुटलेली रेघ पुन्हा जुळेपर्यंत. ती जुळली. चमकणारे पितळ दिसेनासे झाले. केवळ पितळी तुकड्याचे आटे ढिले झाले असतील तर तो पुन्हा आवळणे योग्यच होते. पण कूलरचे तोंड फिरले असेल तर आधी एकदा पिळवटलेला सांधा मी आता उलट्या दिशेने आणखी एकदा पिळवटला होता. हे मला तेव्हाही कळत होते. तरीही हात गेला. फुटलेल्या कपाचे दोन तुकडे जुळवून लहान मूल तो कप पुन्हा फळीवर ठेवून देते, तसाच. आजूबाजूला पाहणारे कोणी नव्हते. मग ती रेघ मी कोणासाठी जुळवत होतो?

पाइप सुटला की तेल येतेच. इंजिन बंद असते, दाब नसतो, तरी पाइपात आणि कूलरमध्ये राहिलेले तेल उतार शोधत निघते, आणि गाडीखाली झोपलेल्या माणसाच्या बाबतीत हा उतार मनगटावरून कोपराकडे आणि तिथून बाहीत जातो. ते लाल असते, माणकासारखे आरपार लाल. हा रंग त्याचा स्वतःचा नव्हे, मुद्दाम घातलेला. गळती इंजिनाच्या तेलाची की गियरबॉक्सच्या, हे जमिनीवरच्या डागावरून ओळखता यावे म्हणून. एके काळी या तेलात स्पर्म व्हेलचे तेल मिसळत असत, चकत्यांची पकड फार खसकनही बसू नये आणि फार घसरूही नये यासाठी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेलच्या तेलाच्या वापरावर बंदी आली तेव्हा तेल बनवणाऱ्यांना दुसरे काही शोधावे लागले. समुद्राच्या तळाकडे सूर मारणाऱ्या त्या अवाढव्य प्राण्याचा आणि माझ्या बाहीतल्या या ओघळाचा कधी काळी संबंध होता, हे मला दर वेळी आठवते आणि दर वेळी थोडे ओशाळे वाटते. टबात पडलेले तेल मापाच्या भांड्यात ओतले तर ४०० मिलिलिटर भरले. आकडा लिहून ठेवला, कारण जेवढे गेले तेवढेच परत घालायचे असते. दोन्ही पाइपांच्या तोंडांवर रबरी टोप्या चढवल्या. गियरबॉक्सच्या आतल्या वाटा इतक्या अरुंद असतात की वाळूचा एक कणही तिथे एखादी झडप अडकवू शकतो.

धरून ठेवण्याचे काम मला लहानपणापासून आवडत नाही. दादा सायकली खोलायचा. चाकाचा आस मोकळा करून, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून तो सगळे पुन्हा बसवायचा आणि शेवटी कोन आवळायची वेळ आली की मला हाक मारायचा. कोन म्हणजे छर्‍यांवर टेकणारा निमुळता नट. तो इतकाच आवळायचा की चाक डुगडुगणार नाही आणि अडणारही नाही. ते माप सापडले की त्याच्यावर लॉकनट आवळायचा, पण लॉकनट आवळताना कोनही त्याच्याबरोबर फिरतो आणि मोठ्या मुश्किलीने सापडलेले माप हरवते. म्हणून एक पातळसा पाना कोनाला लावून तो कोणीतरी धरायचा. ते कोणीतरी म्हणजे मी. “धर. फिरवू नकोस, नुसता धर,” दादा म्हणायचा. सगळी गंमत त्याच्या बाजूला होती. पाना त्याच्या हातात फिरायचा, नट आवळल्याचा आवाज त्याच्या बाजूने यायचा, चाक फिरवून पाहण्याचा मानही त्याचाच. माझ्या बाजूला फक्त बोटांना रुतणारी पोलादाची कड. एकदा कंटाळून मी पकड जरा सैल सोडली. दादाने चाक कानाजवळ धरून फिरवले, छर्‍यांची खरखर ऐकली आणि सगळे पुन्हा सोडवायला घेतले. “तू सोडलास,” एवढेच तो म्हणाला. रागावला नाही. मी चकित झालो होतो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे माझ्या बाजूला काही घडतच नव्हते. मग सोडले हे त्याला कळले कसे? पुढे शाळेत बळाचे नियम पाठ केले, पण बोटांना ते कोणी शिकवले नव्हते. त्या सकाळी पिकअपखाली फिरवणाराही मीच होतो आणि धरणाराही मीच, आणि दोघांपैकी जो नावडता होता तो कामावर आलाच नाही.

रेडिएटर धुतल्यावर त्याच्या पात्यांमधून पलीकडचा उजेड दिसू लागला. बसवताना दोन्ही नटांचे पहिले काही फेरे बोटांनीच दिले, आटे तिरके बसू नयेत म्हणून, आणि आवळताना दोन्ही पाने वापरले. तेल घातले, कूलंट भरले, गाडी गरम होऊ दिली, इंजिन चालू ठेवून पट्टीवर तेलाची पातळी पाहिली. चढावर काटा जागचा हलेनासा झाला. काम फत्ते झाले, असे कोणीही म्हटले असते.

मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडून टॉर्चने आत पाहिले. तिसऱ्या दिवशीही पाहिले. बाहेरच्या गळतीची मला भीती नव्हती. पितळी तुकड्याचे आटे सैल राहिले असते तर जमिनीवर लाल ठिपका पडला असता. टाकीच्या भिंतीशी असलेले सील हलले असते तर कूलंट बाहेर झिरपले असते. जमीन कोरडी होती. पण आतला सांधा तडकला असेल तर जमिनीला काहीच कळणार नव्हते. त्यातही एक क्रूर गंमत आहे. गाडी चालू असताना तेलाच्या पाइपातला दाब बहुधा कूलंटच्या दाबाहून जास्त असतो, त्यामुळे तेल कूलंटमध्ये शिरते, तरंगते आणि दिसते. इंजिन बंद केले की तेलाचा दाब नाहीसा होतो, पण कूलंट अजून गरम असते आणि झाकणाखाली १ बारच्या आसपासच्या दाबाने कोंडलेले असते. मग ते उलट वाटेने तेलात शिरते. म्हणजे दिवसभर गाडी राबवून आपण ती बंद करायची, किल्ली खुंटीला लावायची, निर्धास्त बसायचे, आणि नेमकी तेव्हाच आत नासाडी सुरू व्हायची. गार होत जाणाऱ्या गाडीच्या पत्र्यांची टिकटिक मला पूर्वी आवडायची. त्या महिन्यांत ती ऐकत मी उगाच दारात उभा राहू लागलो. रोज पट्टीवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टिपून तो उन्हात धरायचो. लाल, स्वच्छ, कडेला फिकट होत गेलेला गोल. हे कागद मी टाकून का दिले नाहीत ते सांगता येत नाही. गाडीच्या कप्प्यात त्यांची चळत झाली होती.

मधल्या काळात एका मित्राच्या नव्या पिकअपचा रेडिएटर काढण्याचा प्रसंग आला. तिथे नट नव्हतेच. पाइपाच्या मुळाशी प्लास्टिकची एक टोपी होती, ती मागे सरकवल्यावर आत घोड्याच्या नालासारखी वळवलेली तारेची क्लिप दिसली. आकड्यासारख्या टोकाच्या सुईने तिचा एक पाय खाचेतून उचलायचा, ती बाहेर काढायची आणि पाइप सरळ मागे ओढायचा. पीळ नाही, बळ नाही, दुसऱ्या हाताची गरज नाही. काही गाड्यांत क्लिप आतच राहते आणि पाइपाभोवती बसणारे एक छोटे कडे आत ढकलून तिची पकड फाकवावी लागते. काहींत तर नुसता रबरी होज असतो आणि त्यावर स्प्रिंगची क्लिप. तिथे पेचकसाने उचकटण्याऐवजी होज आधी जागच्या जागी थोडा फिरवायचा, म्हणजे चिकटलेले रबर सुटते. मला खरे तर हेवा वाटला. मग मी सुई जरा जोरात उचलली आणि क्लिप टिंग करून उडाली. आम्ही दोघांनी चाळीस मिनिटे ती शोधली, चुंबक फिरवला, टब गाळून पाहिला. ती माझ्या विजारीच्या दुमडीत सापडली. तशीही नवीनच क्लिप घालायची होती, पण जुनी आत कुठे पडली नाही याची खात्री हवी होती. पाइप परत बसवताना क्लिक असा आवाज यावा लागतो, मग तो मागे ओढून पाहायचा, आणि शेवटी प्लास्टिकची टोपी पुढे सरकवायची. क्लिप नीट बसली नसेल तर टोपी जागेवर जातच नाही. म्हणजे तिथे खोटे बोलायला फारशी वाव नाही, असे काहीसे माझ्या मनात आले. मित्र म्हणाला, “अरे, क्लिक झाले ना? मग इतका काय बघतोस?”

शेवटी हे सगळे मी एका वयस्कर मिस्त्रींना सांगितले. धुळीची रेघ जुळवल्याचे सांगताना जीभ जरा अडखळली, पण सांगितले. त्यांनी ना धीर दिला ना टोमणा मारला. “बाहेर होता तेव्हा पाण्यात बुडवून का नाही पाहिलास?” त्यांनी विचारले. मी गप्प राहिलो. “सायकलचे पंक्चर कधी काढले नाहीस का?”

पंक्चर मी शेकड्यांनी काढली होती. दादा चाक खोलायचा आणि घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवून बुडबुडे हुडकायचे काम माझ्याकडे असायचे. ते मात्र मला आवडायचे. सात महिने मी झाकणे उघडत होतो, कागद उन्हात धरत होतो, आणि एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. कदाचित सुचायला नको होती. शंका असते तोवर निकाल लागलेला नसतो.

रेडिएटर पुन्हा उतरवला. या वेळी गाडी आधीच स्टँडवर घेतली, खालच्या पाइपापासून सुरुवात केली आणि धरणारा पाना आधी लावला, फिरवणारा नंतर. नट कट्ट करून सुटला. षटकोनावरची धूळ सात महिन्यांत पुन्हा सलग झाली होती, मागचा जोड कुठे होता ते ओळखू येत नव्हते. कूलरचे एक तोंड बुचाने बंद केले, दुसऱ्या तोंडाशी तेलाच्या होजचा तुकडा जोडून त्याच्या दुसऱ्या टोकात ट्यूबचा व्हॉल्व्ह क्लिपने आवळला. रेडिएटर पाण्याने भरला, मोठ्या टबात आडवा बुडवला, आणि काटा असलेल्या पायपंपाने कूलरमध्ये २ बारपर्यंत हवा भरली. लगेच बुडबुडे आले. पोटात गोळा आला. पण ते पात्यांमध्ये अडकून बसलेल्या हवेचे होते, इथून एक, तिथून दोन, आणि टिचकी मारली की थांबणारे. मी गुडघ्यांवर बसून होजांच्या तोंडांकडे पाहत राहिलो, कारण आतली हवा निसटली तर तिथूनच बाहेर आली असती. पंपाचा काटा पाहायचा, पुन्हा पाणी पाहायचे. दहा मिनिटे झाली, वीस झाली. अर्ध्या तासाने काटा जिथे होता तिथेच होता, आणि पाण्यावर एक मेलेली माशी तेवढी तरंगत होती.

आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या आत एक किंचित निराशा होती, हे लपवण्यात अर्थ नाही. सात महिने ज्या गोष्टीची धास्ती घेतली ती घडलेलीच नव्हती; घडला होता तो फक्त फेरा. मी रेडिएटर कोरडा केला, बसवला, दोन्ही नट दोन-दोन पान्यांनी आवळले, मोजून तेल घातले. मग पांढऱ्या रंगाची छोटी डबी आणून षटकोनापासून टाकीच्या भिंतीपर्यंत बारीक कुंचल्याने एक सरळ रेघ ओढली. पुढे कधी हा षटकोन जागचा हलला तर ती तुटेल, आणि धुळीसारखी परत जुळून बसणार नाही. रंग वाळेपर्यंत गाडीखालीच पडून राहिलो. कप्प्यातले कागद टाकून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉर्च घेऊन बोनेट उघडले.